प्रश्न चौथा, दहा गुण

सेहेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला बसले.
मानसशास्त्र, पेपर दुसरा : व्यक्तिमत्त्वाच्या उपपत्ती.
रात्री, उद्याच्या विड्यांची पानं भिजवून ठेवली
की पत्र्याखाली वाचायचे.
शेजारच्या शेडमधले माग
खटक-फटक, खटक-फटक
प्रत्येक वाक्य मध्येच तोडायचे.

अबोध मन मला पहिल्या फटक्यात समजलं.
बिराजदार मॅडम फळ्यावर हिमनग काढत होत्या,
सोलापुरात, एप्रिलमध्ये, त्रेचाळीस अंशांत.
मी हसू दाबून वहीत जकार्ड काढलं :
आढ्याशी टांगलेली
भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ,
खाली विणणारा माणूस.
त्याला वाटतं, मोर मी काढतोय.
मोर तर कधीच ठरलाय
त्याच्या डोक्याच्या दोन हात वर,
तेलकट धुळीत.

ते पुठ्ठे नान्ना पाडायचे.
गिरणी बंद झाली त्या दिवशी काही बोलले नाहीत.
घरी आले आणि श्रीनिवासला मारलं,
भाकरीचा तुकडा ताटात टाकला म्हणून.
विस्थापन. पान एकशे बारा.
तेव्हापासून रात्री तीनदा उठून
दाराची कडी बघतात.
आमच्याकडे चोरण्यासारखं काय होतं
ते पुस्तकात नाही.

पुस्तकाचा पुढचा भाग गोड बोलतो.
म्हणे, माणूस मुळातच उमलायला निघालेला असतो,
कुणी अट न घालता आपलं म्हटलं की झालं.
मी हात वर केला :
मॅडम, दहा बाय बाराच्या खोलीत सात जण,
आधी कुणी उमलायचं?
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, याचं उत्तर मलाही पाठ नाही.

तरी करून बघितलं.
चार संध्याकाळी नान्नांपाशी नुसती बसले,
मध्ये न बोलता, शहाणपणा न शिकवता.
पाचव्या दिवशी ते म्हणाले,
"शेटच्या नक्षीतला मोर आंधळा होता.
मी एक भोक जास्त पाडलं."

पेटीतून चादर काढली त्यांनी.
सुलट बाजूला लालात पांढरा ठिपका,
उलटीकडे पांढऱ्यात लाल.
दोन्हीकडून बघत होता तो डोळा.
"कुणी पकडलं नाही?"
"कुणी बघितलंच नाही गं,"
आणि बोळक्या तोंडानं हसले,
श्रीनिवासपेक्षा लहान दिसत.

परीक्षेत चौथा प्रश्न तोच आला,
दोन्ही उपपत्तींची तुलना करा.
ते भोक म्हणजे दाबलेलं काही उसळून आलं,
की एक माणूस एका ठिपक्याइतका उमलला?
अर्धं पान लिहिलं, खोडलं.
मग घंटा झाली.

घरी पोचले तेव्हा नान्ना कडी लावून बघत होते.
एकदा.
मी उंबऱ्याशी चपला काढत रेंगाळले,
मोजत नसल्यासारखी.