स्वतःच्या खिशातून

अशोकनगर, सातपूर. रो-हाऊसची तिसरी रांग.
चौकटीवर खडूने लिहिलेला आमचा आकडा, एकशे चौदा.
निर्मला खैरनार उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या.
मी टॅबलेट उघडला, घसा साफ केला, वाचलं :
गेल्या तीस दिवसांत आजारपणावर कुटुंबाने
स्वतःच्या खिशातून किती रुपये खर्च केले?

"साडीले खिसा ऱ्हास का, ताई?"
असं म्हणून त्यांनी अजून एक शेंग फोडली.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
उत्तर येत नसेल तर प्रश्न परत वाचायचा,
एकही शब्द न बदलता.
मी परत वाचला.

मग हळूहळू आलं.
भिकन खैरनार, वय अठ्ठेचाळीस, प्रेसशॉपला कंत्राटी,
दर सात महिन्यांनी चार दिवसांचा ब्रेक.
त्याच चार दिवसांत अंगठ्याची जखम काळी पडली
आणि काउंटरवरचा माणूस म्हणाला, नंबर चालत नाही.
कामगारांचा दवाखाना इथून चालत बारा मिनिटं.
"तेवढंच लांब पडलं बघा."

मग सिव्हिल.
पाय लांब ठेवायचा तर सीटवर रिक्षा घेत नाही,
स्पेशल करावी लागते, जायचे दीडशे, यायचे दीडशे.
'प्रवास'ला रकाना आहे. भरला.
इंजेक्शन आत संपलेलं, बाहेरून आणा.
'औषधे'. भरला.
चादर बदलणाऱ्या मावशीला पन्नास, रोज.
'इतर'.

पल्लवीच्या क्लासची फी परत आणली,
सरांनी निम्मी कापून घेतली.
भिशी पाचव्या महिन्यातच उचलली, बोली लावून, तोट्यात.
मोहाडीच्या पॅकहाऊसला द्राक्षं भरायचे एकोणीस खाडे.
डोरलं अजून गळ्यात आहे, पण त्यातले मणी
आता सोन्याचे नाहीत. हे त्यांनी
आत कोणी ऐकत नाही ना, हे बघून सांगितलं.

स्क्रीनवर मी खाली गेले, परत वर आले.
कुठेच बसत नव्हतं.

"या महिन्यात मात्र खर्च निम्म्यावर आलाय," त्या म्हणाल्या
आणि पहिल्यांदाच जरा सैल बसल्या.
मला बरं वाटलं. विचारलं, म्हणजे पाय सुधारला?
"नाही. साखरेची गोळी दिवसाआड केली.
मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून देतो,
पाच मागितल्या तर पाच. भला माणूस आहे."

कार्यालयात हा आकडा
उतरत्या रेघेवरचा एक ठिपका होईल,
आणि कोणीतरी त्याला सुधारणा म्हणेल.

शेवटून तिसरा प्रश्न :
आजारी असूनही उपचार न घेतलेली व्यक्ती, घरात कोणी?
"कोणीच नाही," त्या म्हणाल्या.
सूप उचलून उठल्या, उठताना
डाव्या हाताने भिंत धरली, उजव्याने कंबर,
आणि तशाच वाकून थांबल्या थोडा वेळ,
मी मनात सातपर्यंत मोजलं.
कंबर दुखते का, हे विचारायची मला परवानगी नाही,
ते उत्तर सुचवणं होतं.
मी शून्य लिहिलं.
चौकोन हिरवा झाला.

निघताना मूठभर दाणे घेऊन आल्या.
काहीही घ्यायचं नाही, लेखी नियम आहे, मी म्हटलं.
त्यांनी माझ्या कुर्त्याकडे बघितलं.
"तुले शे ना खिसा?"
आणि घातले.

आत आईच्या थायरॉइडची चिठ्ठी होती,
गेल्या आठवड्यापासून तशीच घडी घातलेली.
तिच्यावर दाणे पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

एकशे पंधराला कुलूप होतं.
शेजारी म्हणाले, रात्री आठनंतर या,
ते दोघंही दवाखान्यात आहेत.