सेकंदाचा आठवा भाग

जुफैरच्या हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर,
छत काळं रंगवलंय. फ्लॅश वर मारला
तर गिळून टाकतं, परत काही देत नाही.
म्हणून मी रबरबँडने पांढरा पुठ्ठा बांधतो,
कॅमेरा कमरेशी धरतो, डोळ्याला लावत नाही,
आणि शटर उघडं ठेवतो
सेकंदाचा आठवा भाग.

तेवढ्यात पुष्कळ मावतं.
निळ्या दिव्याची शेपटी, कुणाची उडालेली चप्पल,
कुरियनच्या ट्रेमधल्या ग्लासाबाहेर आलेला
पण अजून न सांडलेला सोडा.
शेवटी फ्लॅश,
आणि त्या सगळ्या सारवणातून
एकच चेहरा वर येतो.

कानात कापूस असतो. गाणं मला बरगड्यांत ऐकू येतं.
इथे कुणाला 'इकडे बघा' म्हणायचं नाही.
म्हटलं की लोक पोट आत घेतात,
दोन बोटं वर करतात,
आणि रात्र संपते.

हे मी कुडाळात शिकलो, तातू परुळेकराच्या हाताखाली.
दशावताराचा मांड, एक ट्यूब, तीही लुकलुकणारी,
संकासुर गरगर फिरतोय
आणि रोलमध्ये सहाच फोटो उरलेत.
"हल्ल्यावर नको रे," तातू म्हणायचा, "हलूच्या आदी दाब."
हलायच्या आधी माणूस कुठे दिसतो?
पायाच्या अंगठ्यात, बहुतेक. किंवा मानेत, मागून.
वीस वर्षं झाली, नक्की सांगता येत नाही.

दिवसा मी मनामात, बाजाराच्या मागच्या गल्लीत
पासपोर्टचे फोटो काढतो.
दोन ट्यूब, पांढरा पडदा, स्टूल. आठ प्रतींचा एक दिनार.
कान दिसू द्या. दात नको. हनुवटी खाली.
मंगळवारी हिरुत आली होती, सलूनमधली,
व्हिसा वाढवायचा होता.
चार वेळा तिने डोळे मिटले.
"श्वास कोंडून धरू नका," म्हणालो.
पाचव्यांदा जमलं.

गुरुवारी रात्री दीडला ती रिंगणात होती.
तिच्या गावाकडचा नाच:
कमरेखाली काही हलत नाही, मान थांबलेली,
आणि खांदे
जात्याच्या पाळीवरून पीठ पडावं
तसे सांडत असतात.
भोवतीच्या मैत्रिणींनी जीभ हलवत तो लांब आवाज काढला,
कापसातूनही आत आला.
मी अंगठा पाहिला नाही, मान पाहिली नाही.
दाबलं.

चेहरा लख्ख, पापण्या मोजून घ्याव्यात असा.
खांद्यांच्या जागी खांदे नाहीतच,
नुसतं जाणं आणि येणं.
ती वाकून बघत राहिली.
घामाचा थेंब स्क्रीनवर पडला,
तो तिने अंगठ्याने टिपला,
मग म्हणाली, पुसून टाक.
मॅडम हॉटेलचे सगळे फोटो बघते.

हे इथे रोजचं आहे. मी वाद घालत नाही.
समोर धरतो, समोर पुसतो, रिकामी चौकट दाखवतो.
जाता जाता ती वळली:
"याचीच पासपोर्ट साइज झाली असती का?"
"कान दिसत नव्हते," मी म्हणालो.
"दिसत होते."
खरंच, दिसत होते.

तीनला बाहेर पडलो. दार उघडताच लेन्स घामेजली,
चष्माही, घड्याळाची काचसुद्धा.
काही दिसू लागेपर्यंत फुटपाथवर बसून राहिलो.
मॅनेजरला बेचाळीस फोटो पाठवले.
त्याला पन्नास हवे होते.

शनिवारी नऊला पडदा खाली ओढला.
गल्ल्याशेजारी एक पाकीट पडलेलं:
आठातल्या दोन प्रती हिरुत विसरून गेली होती.
भिंग लावून पाहिलं.
चेहरा सरकारी. दात नाहीत. कान दोन्ही.
फक्त डावा खांदा, अगदी कडेला, किंचित पुसट.
तेव्हाच निघाला होता तो.

स्टुलावर कुणीतरी येऊन बसलं, खाकरलं.
"हनुवटी खाली," मी
न बघताच म्हणालो.