चावीवाला

पाय आधी विसरले.
हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आम्ही नावांवर लक्ष ठेवून होतो,
जावयाचं, गॅसवाल्याचं, मधल्या नातीचं,
आणि इकडे अण्णा
उठताना दोन्ही हातांनी
खुर्चीचे हात धरायला लागले होते.
पट्टा दोन भोकं आत गेला.
आई म्हणाली, बरं झालं, पोट उतरलं.
पोट नव्हतं उतरलं,
मांड्या उतरल्या होत्या.

सुपडू सपकाळे, चावीवाला, भुसावळ सेक्शन.
एकतीस वर्षं रुळावरून सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं.
खांद्यावर हातोडा, काखेत झेंड्या,
सैल चावी सापडली की एक घाव.
"दिसायच्या आंधी आयकू येते," म्हणायचे,
"घट्ट चावी टण्ण बोलते, ढिली भद्द."
मे महिन्यात बुटाचा तळवा रुळाला चिकटायचा.
तरी चालायचे.

रिटायर झाले त्या दिवशी
हातोडा जमा केला, पावती घेतली,
पलंगावर बसले.
आम्हीच म्हणालो, खूप चाललात, आता बसा.
नऊ वर्षं बसले.

जामनेर रोडच्या दवाखान्यात
चौधरी डॉक्टरीणबाईंनी मुठीत एक यंत्र दिलं.
दाबा, अण्णा. जोरात.
काटा सतरावर थरथरला, मागे आला.
शंभरातून सात गेले?
अण्णा म्हणाले, "कोनती गाडी गेली?"

हाडांचा रिपोर्ट वेगळ्या पाकिटात आला.
उणे तीन.
जन्मभर लोखंड ठोकून पाहिलेल्या माणसाची हाडं
ठोकून पाहायला कोणी गेलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, स्नायू आटतात तिथे डोकंही आटताना
पुष्कळदा दिसतं.
कोण कोणाला ओढतं, ते अजून नीट ठाऊक नाही.
मला घाटातली गाडी आठवली,
एक इंजिन पुढे, एक मागून रेटणारं,
आणि मधल्या डब्यात आपण
केळी सोलत बसलेले.

तेव्हापासून संध्याकाळी सहाला, नळ आल्यावर,
मी त्यांच्यासमोर दुसरी खुर्ची मांडते.
एकदा उठायचं, एक स्टेशन सांगायचं.
पहिल्या दिवशी दुसखेडा.
पुढे गाडीच नाही.
आठवडाभर दुसखेड्यालाच उभी.
मग सावदा. एका सोमवारी निंभोरा.
श्रावण संपता संपता रावेर आलं,
आईनं शेंगदाण्याचा लाडू दिला,
दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसखेडा.

बरे होतील असं कोणी म्हणालेलं नाही.
संडासात जाताना भिंत धरत नाहीत आता.
एवढं आहे.

परवा मधेच थांबले.
वाकून, बोटाच्या पेरानं
माझ्या गुडघ्यावर टकटक केलं,
कान तिरका करून ऐकलं.
"ढिली हाये," म्हणाले.
"बसून राहातीस का व बाई दिवसभर?
कोनाची तू?"

बावन्नावं लागलंय मला.
विम्याच्या ऑफिसात खिडकी नंबर तीन,
दहा ते साडेपाच, गादीची खुर्ची.

कोणाची ते सांगितलं नाही.
हात न टेकता उभी राहिले, कळ आली,
आणि म्हणाले, दुसखेडा.

"सावदा," अण्णा म्हणाले.
उठायला लागले.