क्रियापद नसलेलं वाक्य

ढवळत राहा, अम्ब्रुश. हात थांबला की मुरंबा तळाला लागतो.
दोन वाजलेत. टिसा नदीवरून धुकं चढतंय,
आणि तू हीच वेळ निवडलीस ते विचारायला
जे पासष्ट वर्षांत विचारलं नाहीस:
"गिझी, तुम्ही खरंच... त्यालाच खाता?"

आपल्या घरातली वाटणी जुनीच.
मुलगे बापाच्या देवळात, मुली आईच्या.
तुमच्या शिखरावर कोंबडा, आमच्या शिखरावर क्रूस.
रविवारी एकाच फाटकातून निघायचो
आणि विहिरीपाशी हात सोडायचो.

लहानपणी घोकलेलं उत्तर मला येतं. ऐक:
रूप भाकरीचं राहतं, असणं बदलतं.
बघ, हसलास.
"हे आलुबुखार," म्हणालास, "निळे होते, काळे झाले,
आंबट होते, साखर न घालता गोड झाले.
बदल म्हणतात तो याला.
तुमच्या त्या पांढऱ्या चकतीचं काय बदलतं?"

उलटं आहे रे.
इथे रंग गेला, आकार गेला, साल गेली,
तरी आलुबुखार तो आलुबुखारच.
तिथे रंग तोच, चव तीच,
टाळूला कागदासारखं चिकटणं तेच,
आणि भाकर मात्र
आता तिथे नाही.

कशी नाही, ते मला विचारू नकोस.
चाळीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले,
पाकिटाच्या आत काय आहे
हे मला पाकिटाने कधी सांगितलं नाही.
हेही उदाहरण लंगडंच. सोड.

"माझ्या आठवणीसाठी करा, असंही तो म्हणालाय."
म्हणालाय. नाकारतंय कोण?
पण त्याच्या आधी ते दुसरं वाक्य.
पंडित पाचशे वर्षं त्यातल्या एका क्रियापदावर भांडले,
आहे म्हणजे आहे, की आहे म्हणजे जणू.
आणि गंमत बघ, आपल्या हंगेरियनमध्ये
ते क्रियापद लागतच नाही.
"हे माझं शरीर."
संपलं वाक्य.
तुमचा पाळक असंच म्हणतो, आमचे फादरही असंच,
आणि त्या मोकळ्या जागेच्या
दोन काठांवर आपण दोघं.

ऑगस्ट संपताना, तुमच्या नव्या भाकरीच्या रविवारी,
मी मागच्या बाकावर बसते.
तू पुढे जातोस, टोपी काखेत,
तुकडा नीट चावून खातोस,
आणि परत येताना तुझा चेहरा...
तिथे काहीच घडत नाही, असं मी म्हणणार नाही.
मग उरलेली भाकर तू मला आणून देतोस
आणि मी तिला हाच मुरंबा लावते.
आमच्यात उरलेलं कुलपात ठेवतात,
समोर रात्रभर दिवा.
फरक सांगच म्हणालास तर मला एवढाच सांगता येतो:
उरलेल्याचं काय करायचं.

आणि एक गोष्ट, जी मी कधी काढली नाही.
फेब्रुवारी. आईची शेवटची रात्र.
फादरांनी चतकोर ख्रिस्तप्रसाद
चमचाभर पाण्यात घालून तिच्या ओठांना लावला.
मान तू धरली होतीस.
एक कण गोधडीवर पडला.

मधमाश्या पाळणारा माणूस तू, डंखाला न दचकणारा.
गोधडी झटकली नाहीस.
बोट ओलं करून कण टिपलास
आणि तसाच उभा राहिलास, बोट वर धरून,
दुसऱ्याच्या घरात काहीतरी हाती लागलेल्या पोरासारखा
फादरांकडे बघत:
आता हे कुठे ठेवू?

"आईसाठी केलं ते."
ठाऊक आहे.
मी तुला पटवत नाहीये, अम्ब्रुश.
मी काय मानते, ते तू विचारलंस.
मी मानते, तुझं बोट बरोबर होतं.

पळी दे इकडे. माझी पाळी.
तू जरा बस.
आणि ती डावी कड खरवड आधी,
काळी पडतेय.