दाढ

दाभोळच्या फेरीबोटीवर तिकीट फाडताना
मुजावर म्हणाला, "आज पलीकडे?"
म्हटलं, दाढ दाखवायची आहे.

याआधी चिपळूणला एक झाले.
वीस मिनिटं स्वतःच बोलले,
प्राणायाम दिला, पावती दिली.

गुहागरच्या नरवणकर बाईंनी आधी फी सांगितली.
मग, इथलं इथेच राहील,
जिवावर बेतलं तरच बाहेर.
मग गप्प.
पंख्याचं एक पातं वाजत होतं.

मी सुरमईचा भाव सांगितला,
बर्फाचा सांगितला,
भाव सांगता सांगता भाऊ आला
आणि घसा बसला.
बाईंनी घाई केली नाही.
"माझ्याशी जमलं नाही तर सांगा,
दुसरं नाव देईन."

पन्नास मिनिटं. पुढचा बुधवार.

परतताना मुजावर, "काढली?"
"नाही रे. अजून
कुठली दुखते, तेच बघतायत."