शंभर ग्रॅम

मंगळवारी सदरच्या दवाखान्यात
मी लोकांची ताटं खोडते.
निळ्या पेनानं. लाल पेन दिसलं की पेशंटचं बीपी चढतं,
हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं.

ऑब्रे लाझारस, वय एकाहत्तर,
मोहननगर, मालगाडीचे निवृत्त गार्ड.
टोपी मांडीवर ठेवून विचारतात,
"मॅडम, रविवारचं सॉसेज?"

मी तक्ता त्यांच्याकडे फिरवते.
शंभर ग्रॅम सॉसेज: कॅलरी तीनशेच्या घरात,
चरबी पंचवीस ग्रॅम, आणि मीठ.
मिठाचा आकडा मी आधी बोटानं झाकते, मग बोट काढते.
शंभर ग्रॅम मशरूम: कॅलरी बावीस.
चरबी नावाला.
ते चष्मा पुसून पुन्हा बघतात.
"बावीस? हे तर वेटिंग लिस्टसारखं झालं,
नंबर आहे, सीट नाही."

प्रथिनांच्या ओळीवर मात्र त्यांचं बोट थांबतं.
बारा. आणि इकडे तीन.
"इथं आमचा माणूस जिंकला."
जिंकला, मी म्हणते.
तक्ता खोटं बोलत नाही,
पण तो शंभर ग्रॅममध्येच बोलतो,
आणि माणसं शंभर ग्रॅममध्ये जेवत नाहीत.
पाव किलो मशरूम तव्यावर पाणी सोडत सोडत
वाटीभर उरतात,
आणि त्यांची बहीण हेझल
भिवापुरी मिरची, लसूण, व्हिनेगर घालून
स्वतः भरते ते सॉसेज
कुठल्या छापील ओळीत बसतं, मला माहीत नाही.

तरी खोडलं.
वर सल्ला दिला: मशरूम उलटे करून
अर्धा तास गच्चीवर ठेवा, ड जीवनसत्त्व वाढतं.
"मे महिन्यात?" ते म्हणाले,
"अर्ध्या तासात भाजीच होईल, मॅडम."

श्रावणात गोकुळपेठेत
पवनीकडची एक बाई पळसाच्या पानावर टेकोडे घेऊन बसली होती.
मुळाशी वारुळाची माती तशीच.
भाव ऐकला आणि मी मटणाच्या दुकानाकडे पाहिलं.
"मटनावानीच लागते, बाई. खाऊन तं पाहा."
ह्यात प्रथिनं किती, असं मनात आलं.
माझ्या तक्त्यात टेकोडे नाहीत.
पांढरी बटणं आहेत, डब्यातली,
प्लास्टिकखाली घामेजलेली.
न घेताच निघाले.
आता वाटतं, घ्यायला हवे होते.

तीन महिने लाझारस साहेबांनी मशरूम खाल्ले.
सकाळी टोस्टवर, रात्री वरणासोबत,
मालगाडी सिग्नलला थांबावी तसे, कुरकुर न करता.
मग रिपोर्ट आला.
मूत्रपिंड मागे पडलेलं, पोटॅशियम वर.
मी निळं पेन काढलं
आणि मशरूमवरही रेघ मारली.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.
"म्हणजे अप पण रद्द, डाऊन पण रद्द."
मी म्हटलं, उकळून, पाणी फेकून
कधीतरी थोडे चालतील.
"पाणी फेकल्यावर उरतं काय?"
चावणं, मी म्हणाले.
मला वाटलं होतं ते हसतील.

जाताना त्यांनी पिशवीतून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला डबा काढला.
हेझलनं पाठवलंय. तुमच्यासाठी. तुमचा रिपोर्ट नॉर्मल असेल ना?
पेशंटकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.
तो दारामागे चिकटवलेलाही आहे,
आणि दार उघडं होतं.

घरी सवयीनं काट्यावर ठेवलं.
शहाण्णव. मग सत्त्याण्णव.
बोट लागलं असावं.
कढईत टाकल्यावर त्याची साल तडकली,
लाल तेल कडेनं गोळा झालं,
वरच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावल्याचा आवाज आला.
ज्वारीच्या भाकरीसोबत, उभ्यानंच खाल्लं.
काय लिहायचं ते सुचेना,
म्हणून त्या दिवशीच्या माझ्या वहीत
रकाना कोरा आहे.

रात्री दोनदा उठून पाणी प्यायले.