घट

अमळनेरला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथालयात
बत्तीस वर्षं मी पुस्तकांवरची धूळ झटकली.
वाचली थोडी, उघडली पुष्कळ.
कडी-कुंडलं निराळी, सोनं एकच,
हे वाक्य इतक्या कपाटांत भेटलं
की शेवटी शेवटी आम्ही दोघं
एकमेकांना ओळख देईनासे झालो.

परवा मुलीची पोत करायला
आईची पाटली आणि धुरपताकाकूची पाटली
विसपुत्यांच्या एकाच मुशीत टाकली.
आई जाऊन तीन वर्षं झाली.
काकूनं न मागता आणून दिली,
दस्तीत बांधून.
एकोणीस वर्षं दोघींच्या चुलींमध्ये कुडाची भिंत होती,
अलीकडचा धूर पलीकडे जायचा, शब्द नाही.

विसपुत्यांनी टाकणखार भुरभुरला, गॅसची बत्ती धरली.
आधी आईची ढळली,
रहाटाचा पोचा होता तिथून.
मग काकूची.
क्षणभर दोन थेंब
शेजारी शेजारी थरथरत राहिले,
एकाच नळावर पाठीला पाठ लावून
त्या उभ्या राहायच्या तसे.
मग कोण आधी वळलं
ते दिसलं नाही.

काकू मुशीवर वाकली.
"यामा मनं कोनतं?"

उत्तर मला पाठ होतं, भाष्यासकट.
जिभेवर आलं, तिथंच बसलं.
काकू विचारत नव्हती,
शोधत होती.

लगडी काट्यावर चढली.
"दोन गुंजा घट," विसपुते म्हणाले, "डाक जळतो."
माझ्या पुस्तकांत घट म्हणजे मडकं.
फुटलं की आतलं आकाश बाहेरच्याला मिळतं,
आणि आकाश कधी कमी भरत नाही.
इथं भरलं.
"सगळा डाकच का?"
विसपुत्यांनी पायाखालची माती दाखवली.
"थोडं इथंबी असंल. शनवारी झारेकरी येतो,
झाडून नेतो, धुतो."
"कुणाचं म्हणून?"
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
"सोनं म्हणून."

बोरीच्या पुलावर काकू थांबली.
नदीत पाणी नव्हतं, म्हशी होत्या.
तिच्या मनगटावर पाटलीएवढा उजळ पट्टा,
तिथं पहिल्यांदा ऊन लागत होतं.
तो चोळत म्हणाली,
"तुनी मायनी जड व्हती."

इतक्या वर्षांत आईबद्दल पहिलं वाक्य.
खरं की खोटं बघावं म्हणून
खिशातली चिठ्ठी काढली.
विसपुत्यांनी वेगवेगळं तोललं होतं, मला आठवतं,
पण लिहिताना
फक्त बेरीज लिहिली होती.